‘आम्ही आशा धरली होती’ : ख्रिस्ती विश्वासाच्या वाटेवर नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या चर्चमध्ये शेवटचा बाक पंख्याखाली नाही, तरी तो आधी भरतो. उपासना सुरू झाल्यावर दबकत आत येणारी आणि शेवटच्या आशीर्वादाच्या आधीच चपला शोधायला लागणारी माणसं तिथे बसतात. कुणाचं दुकान बुडालेलं असतं, कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाच्या घरातलं माणूस महिन्यापूर्वी गेलेलं. गेली काही वर्षं मी मुद्दाम त्या बाकावर बसते. ओळख झाली की बहुतेकजण एकच विचारतात : ‘ताई, मला यातलं काहीच माहीत नाही. सुरुवात कुठून करू?’

त्याचं उत्तर मी दरवेळी तुकड्यातुकड्यांत देते. इथे सलग लिहिते आहे.

बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार पुस्तकं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. त्यांतल्या लूककृत शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात एक प्रसंग आहे. येशूला वधस्तंभावर देऊन तीन दिवस झालेत. त्याचे दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाकडे पायी निघालेत. वाट साधारण अकरा किलोमीटरची. एक अनोळखी माणूस वाटेत त्यांना गाठतो आणि विचारतो, कशाबद्दल बोलत चालला आहात? ते दोघं तिथेच थांबतात. चेहरे उतरलेले. मग सगळी हकिगत सांगता सांगता एकाच्या तोंडून निघतं की, इस्राएलाची सुटका करणारा तो हाच, अशी आम्ही आशा धरली होती.

‘होती.’ शेवटच्या बाकावरचं जवळजवळ प्रत्येक माणूस हा भूतकाळ घेऊन आलेलं असतं. मी पुढे जी पावलं सांगणार आहे, ती याच वाटेवरची आहेत.

पहिलं पाऊल : झालंय ते सांगा

त्या अनोळखी माणसाला, म्हणजे येशूलाच, सगळं माहीत होतं. तरी त्याने विचारलं आणि त्यांना पूर्ण बोलू दिलं. म्हणून नव्या माणसाला मी सगळ्यात आधी एक वही घ्यायला सांगते. आशा कशावर टांगली होती आणि ती कुठे तुटली, ते चार ओळींत लिहा. ‘मन लागत नाही’ एवढंच लिहू नका. ‘दोन वर्षं बीज भांडवल जमवलं आणि भागीदाराने फसवलं’ असं लिहा. ‘आईचं ऑपरेशन होईल म्हणाले होते, झालं नाही’ असं लिहा. देवावर राग असेल तर तोही लिहा. ते वाचून देव दुखावला जाईल अशी भीती बाळगू नका, बायबलमध्ये त्याहून कडक शब्दांत त्याच्याशी भांडलेली माणसं आहेत.

हे लिहिताना कुणाच्या मनात जीव संपवण्याचा विचार येत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. सरकारची मोफत सेवा आहे. घरातल्या एका माणसालाही त्याच दिवशी सांगा. डॉक्टर आणि प्रार्थना एकमेकांच्या आड येत नाहीत.

दुसरं पाऊल : ‘आशा’ हा शब्द नीट ऐका

मराठी कानाला हा शब्द सरळ ऐकू येत नाही. कीर्तनात आपण आशा ऐकतो ती तृष्णेची बहीण म्हणून, माणसाला बांधणारा पाश म्हणून. घरात ऐकतो ती ‘वेडी आशा’, ‘आशेला लावलं आणि हात वर केले’. त्यामुळे चर्चमध्ये कुणी ‘ख्रिस्तात आशा आहे’ म्हटलं की नव्या माणसाला वाटतं, हे म्हणजे ‘होईल सगळं ठीक’ असं पाठीवर थोपटणं.

बायबलमधल्या ‘इब्री लोकांस पत्रा’च्या सहाव्या अध्यायात या आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. लहानपणी मी हे वाचायची तेव्हा डोळ्यांपुढे मामाचा बैलांचा नांगर यायचा, आणि जिवावर नांगर कशाला फिरवायचा ते कळायचं नाही. पुढे वसईला पाचूबंदरावर उभी असताना एक होडी पाहिली. वारा होता, पाणी वर-खाली होत होतं, होडी एका जागी थांबत नव्हती. या कुशीवरून त्या कुशीवर लोळत होती. पण पुढच्या बाजूने एक दोर पाण्यात गेलेला होता, ताठ, आणि होडी त्या दोराच्या पलीकडे जात नव्हती. खालचं लोखंड दिसत नव्हतं. तेव्हा तो अध्याय मला समजला. हलणं थांबेल असं वचन त्यात नाही.

मग हा नांगर रुतलाय कशात? तर येशूचं मरण आणि तिसऱ्या दिवशी त्याचं उठणं यात. आपल्या मनाच्या उभारीत तो रुतलेला नाही, म्हणून उभारी गेली तरी निघून येत नाही. येशूचा प्रेषित पौल तर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात उघड म्हणतो की, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे. इतकं स्पष्ट. म्हणून नव्याने येणाऱ्याने या प्रश्नाला वळसा घालू नये. पटत नसेल तर ‘पटत नाही’ म्हणत वाचत राहावं. त्या दोन शिष्यांनाही सकाळी बायकांनी रिकाम्या कबरेची बातमी सांगितली होतीच, आणि तरी ते गाव सोडून चालले होते.

तिसरं पाऊल : वाचन

बायबल हे एक पुस्तक दिसतं, पण तो ग्रंथांचा संग्रह आहे. पहिल्या पानापासून सुरुवात केलेले बहुतेकजण ‘लेवीय’ या तिसऱ्या पुस्तकातल्या यज्ञविधींत अडकतात आणि पुस्तक मिटतात. तसं करू नका. मार्ककृत शुभवर्तमान घ्या. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटं, सोळा अध्याय, एका बैठकीत वाचून होतं. मोठ्याने वाचा. नंतर लूकचा २४वा अध्याय, मग स्तोत्रसंहिता, रोज एक स्तोत्र.

कुठलं भाषांतर घ्यावं, हे नेहमी विचारलं जातं. प्रॉटेस्टंट घरांतून जे ‘पवित्र शास्त्र’ वाचलं जातं त्याची मराठी जुन्या वळणाची आहे, पण सवय झाली की ती कानात राहते. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे त्यातलं. ज्यांना हे जड जातं त्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ पाहावं, त्याची मराठी आजची आहे. मोबाइलवरही मराठी बायबल फुकट मिळतं, ऐकताही येतं. डोळे अधू असलेल्या आजोबांना मी तेच लावून देते.

आता एक सावधगिरी. आपल्याकडे ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर एक वचन हमखास असतं : यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे आहेत, असा त्याचा आशय. वचन सुंदरच आहे. पण त्याच्या आधीची ओळ कॅलेंडरवर नसते. हे पत्र आहे. बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून पाठवलेलं. आणि दहाव्या वचनात तो सांगतो की परत यायला सत्तर वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक मोठे लोक परक्या देशातच मरणार होते. त्यांना तो काय सांगतो? घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्या शहराचं भलं चिंता.

याच्या अलीकडचा, २८वा अध्यायही वाचा. त्यात हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा आहे. तो भर मंदिरात लोकांना सांगतो, फक्त दोन वर्षं! दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना कोण आवडला असेल, सांगायला नको. यिर्मयाला मी पुन्हा पुन्हा वाचते ते यासाठी की गोड तारीख देणारी आशा आणि मळा लावायला सांगणारी आशा, या दोन्ही ‘परमेश्वर असे म्हणतो’ अशाच सुरू होतात.

प्रार्थना, आणि ती होत नाही तेव्हा

प्रार्थनेला खास भाषा लागत नाही. ‘हे कृपाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या’ असं लांब संबोधन चर्चमध्ये ऐकून लोक घाबरतात. घरात ज्या बोलीत बोलता तीत बोला. मालवणीत करा, अहिराणीत करा. दिवसाची एक वेळ ठरवा, पाच मिनिटं पुरे. काहीच सुचत नसेल तर येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना आहे, तेवढीच म्हणा.

मन भरून आलेलं असेल तर स्तोत्र १३ घ्या. सहा वचनांचं आहे. सुरुवातीलाच ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. किती काळ विसरणार, किती काळ तोंड लपवणार. त्यात आपल्या वहीतल्या ओळी घाला. शेवटच्या दोन वचनांत सूर बदलतो, पण तो तुमचा आज बदलला नाही तर पहिल्या चार वचनांवर थांबा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी दिवा लागत नाही. ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी ते काढून टाकलं नाही, यात मला फार मोठा आधार वाटतो.

विलापगीतही तसंच. यरुशलेम पडल्यावरचा तो आक्रोश. तिसऱ्या अध्यायात कवी म्हणतो की देवाने खड्यांनी माझे दात पाडले. त्यानंतर पाचच वचनांनी येतं, हे मी मनात आणतो म्हणून मला आशा वाटते, आणि मग ती प्रसिद्ध ओळ, की त्याची दया रोज सकाळी नवी होते. एवढं म्हणून झाल्यावर कवी पुन्हा रडायला लागतो. असं वर-खाली होणं म्हणजे आपलं काही चुकतंय, असं समजू नका.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा एका भल्या माणसाने दारातच मला सांगितलं, ‘विश्वास थोडा कमी पडला.’ ते वाक्य काढायला मला वर्ष लागलं. तुम्हाला कुणी असं म्हणालं तर ईयोबाच्या ४२व्या अध्यायाकडे बोट दाखवा. दुःखात पडलेल्या ईयोबाला ‘तुझंच काही चुकलं असणार’ असं समजावणाऱ्या मित्रांवर देव शेवटी रागावतो, आणि ज्याने त्याच्याशी वाद घातला त्या ईयोबाला खरं बोलल्याचं माप देतो.

चौथं पाऊल : मंडळीत या

एकट्याने वाचून बरंच कळतं, पण टिकत नाही. अम्माऊसच्या वाटेवर येशू शास्त्र समजावून सांगत होता तेव्हा त्यांचं मन आतून पेटत होतं, पण त्यांनी त्याला ओळखलं ते घरी, जेवायला बसल्यावर, त्याने भाकर मोडली तेव्हा.

रविवारी काय होतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे बिचकायला होणार नाही. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये उपासना असते : गीतं, शास्त्रवाचन, उपदेश, प्रार्थना, दानार्पण. चालवणारे पाळक. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा असते आणि फादर असतात. उठबस जास्त असते, शेजारच्याकडे बघून करावी किंवा शांत बसून राहावं, कुणी काही म्हणत नाही. बरीच गावातली चर्चेस चपला बाहेर काढायला लावतात. दानाची थैली समोर आली की न टाकता पुढे दिलीत तरी चालतं. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस (कॅथलिकांकडे कम्युनियन) बाप्तिस्मा (ख्रिस्ती होताना पाण्याने होणारा विधी) झालेल्यांसाठी असतो. ती वेळ आली की जागेवरच बसा, त्यात अपमान नाही.

मराठी उपासनेत एक गोष्ट मात्र नवख्यालाही लगेच ओळखीची वाटते, ती म्हणजे गाणं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाच्या घाटात लिहिलेली गीतं ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकात आहेत आणि शंभर वर्षांनंतरही आम्ही ती गातो. टाळ-तबला असेल तर आणखी छान. परक्या देवळात आलो असं वाटणारे वारकरी घरातले आजोबा पहिल्या कडव्याला मान डोलवायला लागलेले मी पाहिले आहेत.

कुठल्या मंडळीत जाऊ नये, हेही सांगायला हवं. औषधं बंद करा म्हणणारी जागा सोडा. इतके पैसे पेरा म्हणजे इतके मिळतील, असं सांगणारी जागा सोडा. तुमची गुपितं व्यासपीठावरून सांगायला लावणारी, घरच्यांशी संबंध तोडायला सांगणारी, प्रश्न विचारला की गप्प करणारी जागा सोडा. हनन्याचे वारस पुष्कळ आहेत. चांगल्या मंडळीची खूण अगदी साधी असते. तिथे आजारी माणसाला कोण भेटायला गेलं होतं, विधवा बाईच्या मुलाची फी कुणी भरली, असल्या गोष्टी कुजबुजत कळतात.

बाप्तिस्म्याची घाई नको

पंडिता रमाबाईंचं चरित्र इथे उपयोगी पडतं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, मनोरमा जन्मली, आणि १८८२मध्ये पती बिपिनबिहारी गेले. चोविशीच्या आत एवढं. १८८३मध्ये इंग्लंडला त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाटेल की आता तरी मनाला शांती लाभली असेल. पण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवलं : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नव्हता. या आठ वर्षांत त्यांनी मुंबईत शारदासदन काढलं, ते पुण्याला हलवलं, टीका सोसली, शेकडो पानं वाचली-लिहिली. इतक्या कर्तबगार बाईलाही वाट बघावी लागली.

आणि त्या आशेला दुःख चुकलं नाही. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला त्यांनी दुष्काळातल्या हजारो मुली-बायकांना आसरा दिला. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळ्या बायबलचं भाषांतर करायला घेतलं. १९२१मध्ये मनोरमा गेली, आईच्या आधी. रमाबाई काम करत राहिल्या आणि एप्रिल १९२२मध्ये गेल्या. छापील ग्रंथ १९२४मध्ये आला.

रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचंही असंच. पतीचा बाप्तिस्मा १८९५मध्ये झाला, त्यांचा पाच वर्षांनी. मधल्या काळात ताटातूट, मग एका घरात दोन धर्म. त्या आपल्या आपण चालत तिथवर आल्या. तेव्हा कुणी तुम्हाला महिन्याभरात बाप्तिस्मा घ्या म्हणून मागे लागलं, तर ‘थांबा’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. चांगले पाळक स्वतःच काही महिने शिकवतात. घरच्यांना अंधारात ठेवू नका. आईवडिलांच्या पाया पडायचं सोडू नका, सणाला जायचं सोडू नका, तुमच्यात काय बदललं ते त्यांना तुमच्या वागण्यातून आधी दिसू द्या. पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटलंय की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्या, पण सौम्यतेने. आधी त्यांनी विचारायला हवं.

शेवटचं पाऊल : उलट फिरा

अम्माऊसच्या गोष्टीचा शेवट लोक विसरतात. दिवस मावळला होता, ‘आमच्याबरोबर राहा’ असं तेच त्याला म्हणाले होते. पण त्याला ओळखल्यावर ते दोघं जेवण टाकून उठले आणि त्याच रात्री अकरा किलोमीटर परत गेले. यरुशलेमला, जिथे बाकीचे दारं लावून बसले होते तिथे.

भाऊ गेल्यावर मी चर्चला जायची बंद झाले होते. आमच्या पाळकीणबाई दर बुधवारी संध्याकाळी डबा घेऊन यायच्या. पिठलं, दोन भाकऱ्या, कधी मिरचीचा ठेचा. बसायच्या, मागच्या बुधवारचा डबा उचलायच्या आणि जायच्या. कधी उपदेश केला नाही, ‘रविवारी ये’ म्हणाल्या नाहीत. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, पण मला ते सुचतच नव्हतं. कितीतरी महिने मी तो नुसता विसळून दारामागे ठेवत होते.

एका बुधवारी डबा घासताना ओट्यावर शेंगदाणे भाजलेले होते. मी त्यात गूळ घातला, कुटला, चार लाडू वळले आणि डब्यात ठेवले. बाई आल्या, डबा हातात घेतला, तो जड लागला म्हणून झाकण उघडून बघितलं. माझ्याकडे बघून काहीच बोलल्या नाहीत. एक लाडू तिथेच दारात उभ्याने खाल्ला.

त्या रविवारी मी गेले. बसले शेवटच्या बाकावर.